गुरुजी मुद्दाम करत नाहीत, ताई

वाचकाचं पत्र:

ताई, माझं वय ४९. आमचे हे ५४ वर्षांचे, जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत मुख्याध्यापक. आम्ही कराड तालुक्यात राहतो. तीनेक वर्षांपूर्वीपर्यंत गावात यांच्या शब्दाला मान होता. आता माणूस पार बदललाय. थोरल्या वन्सं वारल्या, तर यांच्या डोळ्यांत पाणी नाही, आणि तेराव्याला ‘जेवायला कधी वाढणार’ म्हणून सगळ्यांसमोर विचारत राहिले. शाळेत एका मुलाच्या आईला तोंडावर म्हणाले, ‘तू फार जाड झालीस.’ गूळ, बिस्किटं, केळी, जे दिसेल ते खातात. रोज चारच्या ठोक्याला कॅनॉलपर्यंत जाऊन येतात, पाऊस असो की ऊन. पोषण आहाराच्या नोंदी कित्येक महिने लिहिल्याच नव्हत्या, त्यामुळे कारणे दाखवा नोटीस आलीय. परवा मी भाजी निवडत होते तर ‘कढीपत्ता म्हणजे काय गं?’ असं विचारलं. आधी नैराश्याच्या गोळ्या झाल्या. आता पुण्यात एमआरआय काढल्यावर न्यूरॉलॉजिस्टनी फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया सांगितलाय. पण यांना तीसपर्यंत पाढे पाठ आहेत, वीस वर्षांपूर्वीच्या पोरांची नावं घडाघडा सांगतात. मग हा डिमेन्शिया कसा? सासूबाई म्हणतात बाहेरचं आहे, देवऋष्याकडे नेऊन आणलं. दीर म्हणतात, नाटकं करतोय, राजीनामा देऊन टाक म्हणजे चौकशी टळेल. सासरे साठीच्या आत गेले, शेवटची दोन वर्षं ते बोलतच नव्हते. मला मुलगी २३ वर्षांची, मुलगा १७ चा. मागच्या महिन्यात संतापून मी यांच्यावर हात उगारला. हे नुसते बघत राहिले. हे मुद्दाम करतात का, तेवढं खरं सांगा.

उत्तर:

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही. गुरुजी मुद्दाम करत नाहीत. तुम्हाला छळायला करत नाहीत, अंगचोरपणा म्हणून करत नाहीत आणि नाटक तर मुळीच करत नाहीत. आणखी एक गोष्ट याच दमात सांगते, कारण ती थांबून चालणार नाही: राजीनाम्याच्या कागदावर त्यांची सही होऊ देऊ नका. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते.

आधी तुमची शंका. पाढे पाठ आहेत, नावं आठवतात, तर डिमेन्शिया कसा? आपल्याकडे हा आजार म्हटला की विसरभोळे आजी-आजोबा डोळ्यांसमोर येतात. ते चित्र बहुतेक वेळा अल्झायमरचं असतं, आणि त्यात नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग लवकर खराब होतो. गुरुजींच्या आजारात सुरुवात दुसरीकडून होते. कपाळामागचा भाग आणि कानशिलाच्या आतला भाग, या दोन ठिकाणच्या पेशी एकेक करून मरतात आणि तिथला मेंदू आक्रसतो. एमआरआयमध्ये डॉक्टरांना दिसलं ते हेच. पेशींमध्ये काही प्रथिनं चुकीच्या पद्धतीने साचत जातात, हे त्यामागचं कारण. आठवणींचा भाग बराच काळ टिकून राहतो. म्हणून गुरुजी दवाखान्यात तारीख, वार, गावाचं नाव बिनचूक सांगतात आणि घरी आल्यावर पाहुण्याच्या ताटातली जिलेबी उचलतात. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आणि दोन्ही खऱ्या.

या आजाराच्या निदानाचे निकष २०११ साली जगभरातल्या तज्ज्ञांनी मिळून ठरवले. वागण्यातला बदल जिथे आधी दिसतो त्या प्रकारासाठी त्यात सहा गोष्टी आहेत: सामाजिक भान सुटणं, कशातच रस न उरणं, दुसऱ्याच्या सुखदुःखाची जाणीव न होणं, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ठरल्या पद्धतीने करणं, खाण्याची तऱ्हा बदलणं, विशेषतः गोडाची ओढ वाढणं, आणि सहावी, नियोजनाची ताकद ढासळणं पण स्मरणशक्ती त्या मानाने शाबूत असणं. यांतल्या तीन दिसल्या तरी डॉक्टर या आजाराचा विचार करतात. तुमच्या पानभर पत्रात मला पाच सापडल्या. तुम्हाला जे कोड्यात टाकत होतं, ते पाढे पाठ असणं, तेच निकषात लिहिलेलं आहे.

पोषण आहाराच्या रजिस्टरचंच बघा. पाढे म्हणणं हे पूर्वी शिकलेलं बाहेर काढणं आहे. रजिस्टर लिहायला वेगळी ताकद लागते. आज पटावर किती मुलं होती, तांदूळ किती शिजला, शिल्लक किती, हे रोज आठवणीने उघडून, मध्ये कुणी हाक मारली तरी पुन्हा तिथेच येऊन पुरं करणं. काम सुरू करणं, क्रम लावणं, अडलं तर मार्ग बदलणं, चुकलं तर लक्षात येणं, ही सगळी कामं कपाळामागच्या भागाची. तो भाग दुबळा झाला की माणूस आळशी दिसतो, बेजबाबदार दिसतो, आणि हिशेबाचा मामला असेल तर अप्रामाणिकही दिसतो. तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसावर हा शिक्का बसावा याचं मला फार वाईट वाटतं, आणि म्हणूनच आजाराचे कागद त्या नोटिशीच्या उत्तराला जोडणं इतकं गरजेचं आहे.

आता ते जाड म्हणण्याचं. तुम्ही गुरुजींना शांतपणे विचारून बघा, ‘परक्या बाईला असं बोलावं का?’ ते बहुधा म्हणतील, ‘नाही, बोलू नये.’ आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलतील. घरच्यांचा संताप होतो तो इथेच. कळतंय तरी करतो, म्हणजे मुद्दामच, असं कुणालाही वाटेल. पण नियम ठाऊक असणं हे एक काम आणि तोंडावर आलेलं वाक्य त्या क्षणी अडवणं हे मेंदूचं दुसरं काम. आपल्या सगळ्यांच्याच मनात दिवसभर नको ते विचार येतात, आणि मेंदूचा पुढचा भाग ते गपचूप अडवतो. गुरुजींच्या मेंदूत येणारे विचार कदाचित पूर्वीचेच आहेत, अडवणारं कुणी उरलेलं नाही. त्यामुळे समजावणं, शपथा घालणं, अबोला धरणं, मुलांसमोर लाज काढणं, यांतलं काहीही चालणार नाही. शिक्षेतून शिकायलासुद्धा तोच भाग लागतो.

वन्संच्या तेराव्याचं मला सगळ्यात जास्त टोचलं, कारण तुम्हाला तिथे किती मेल्यासारखं झालं असेल ते मी समजू शकते. मेंदूच्या पुढच्या भागात, आतल्या घड्यांमध्ये, फॉन इकॉनोमो या नावाच्या लांबट, मोठ्या पेशी असतात. त्यांचा संबंध दुसऱ्याच्या भावना ओळखण्याशी आणि स्वतःच्या वागण्याची जाणीव असण्याशी लावला जातो. या आजारात त्या पेशी लवकर आणि निवडून मरतात. बहिणीवरचं त्यांचं आयुष्यभराचं प्रेम खोटं नव्हतं. ते वाटण्याची आणि दाखवण्याची यंत्रणाच गेली आहे. तुम्ही हात उगारलात तेव्हा ते नुसते बघत राहिले, त्याचंही हेच कारण. तुम्ही का चिडलात हे त्यांना कळलं नसणार. आपल्याला काही झालंय हेही अशा माणसांना पटत नाही. ‘मी ठणठणीत आहे’ हे त्यांचं म्हणणं खोटेपणा नाही.

कढीपत्त्याचा प्रश्न वेगळा आहे आणि तो डॉक्टरांना आवर्जून सांगा. या आजारात भाषा दोन तऱ्हांनी जाते. एकीत शब्दांचे अर्थ गळून पडतात. माणूस अस्खलित बोलतो, व्याकरण नीट, पण नेमका शब्द येत नाही, ‘ते’, ‘तसलं’, ‘वस्तू’ असले शब्द वाढतात, आणि मग एक दिवस रोजच्या वापरातल्या शब्दाचा अर्थच विचारतो. आपली लिपी उच्चाराप्रमाणे असल्यामुळे असा माणूस वर्तमानपत्र मोठ्याने झरझर वाचून दाखवू शकतो, आणि घरच्यांना वाटतं भाषा उत्तम आहे. वाचलेल्या ओळीचा अर्थ विचारला की खरं कळतं. पुढे शब्दच नव्हे तर ती वस्तूही अनोळखी होऊ शकते, कढीपत्ता हातात दिला, वास दिला तरी. दुसऱ्या तऱ्हेत अर्थ शाबूत असतो पण बोलणं अडखळतं, वाक्यं तुटतात, ‘मी’, ‘ला’, ‘चा’ गळतात, क्रियापदं चुकतात, एकेक शब्द ओढून काढावा लागतो. अखेरीस दोन्ही वाटा बोलणं बंद होण्याकडे जातात. तुमच्या सासऱ्यांबद्दल तुम्ही लिहिलेलं वाक्य वाचताना मी तिथे थांबले. त्याकडे पुढे येते.

प्रागमधले डॉक्टर आर्नोल्ड पिक यांनी १८९२ साली अशा रुग्णाचं पहिलं वर्णन लिहिलं ते भाषा हरवत गेलेल्या माणसाचंच होतं, आणि बरीच वर्षं हा आजार त्यांच्याच नावाने ओळखला जात होता. हॉलिवूडचे अभिनेते ब्रूस विलिस यांच्या कुटुंबाने २०२२ मध्ये आधी त्यांना वाचाघात, म्हणजे भाषेचा बिघाड झाल्याचं जाहीर केलं आणि २०२३ च्या फेब्रुवारीत फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया असल्याचं सांगितलं. जगातले उत्तम डॉक्टर हाताशी असलेल्या घरातही निदान टप्प्याटप्प्यानेच झालं. तुमचे मधले महिने नैराश्याच्या गोळ्यांत गेले याचा दोष स्वतःला देऊ नका. हा आजार साधारण ४५ ते ६५ या वयात सुरू होतो, त्या वयात डिमेन्शिया कुणाच्या मनात येत नाही, आणि कशातच रस नसणं हे वरवर नैराश्यासारखंच दिसतं.

औषधांचं खरं सांगते. हा आजार थांबवणारं किंवा मागे फिरवणारं औषध आज नाही. कुणी आयुर्वेदिक काढ्याने, पंचकर्माने, स्टेम सेलने बरं करतो म्हणालं आणि लाखाची पावती पुढे केली, तर तिथून उठून या. मात्र त्रास कमी करणारी औषधं आहेत. नैराश्यावरच्या काही गोळ्या, सर्ट्रालीनसारख्या, या आजारात एकच एक गोष्ट करत राहणं, खा-खा आणि चिडचिड कमी करायला वापरतात. अल्झायमरसाठी दिली जाणारी डोनेपेझिल इथे उपयोगी पडत नाही, उलट काहींना तिने अस्वस्थता वाढते. तुमच्या चिठ्ठीत ती असेल तर डॉक्टरांना विचारा, पण परस्पर बंद करू नका. राग आवरायला झोपेची किंवा वेडावरची कडक गोळी सुरू करायची वेळ आली तर डॉक्टरांना आधी एक गोष्ट विचारा: याने अंग ताठ होईल का, पडतील का? या रुग्णांना तसल्या गोळ्यांचा त्रास जास्त होतो. आणि बी-१२, थायरॉइड यांच्या रक्ततपासण्या झाल्यात ना, ते कागदावर पाहून घ्या.

देवऋष्याबद्दल सासूबाईंशी भांडू नका. त्यांनी आपल्या डोळ्यांसमोर नवरा मूक होताना पाहिला आणि आता मुलगा परका होताना पाहतायत. त्या म्हातारीला काहीतरी करावंसं वाटणारच. अंगारा लावला, नारळ ठेवला, त्याने गुरुजींचं काही बिघडत नाही. पण उपाशी ठेवणं, मारणं, धुरी देणं, गोळ्या बंद करायला सांगणं, यांतलं काहीही तुम्ही होऊ देऊ नका. अशा अघोरी प्रकारांवर २०१३ पासून आपल्या राज्यात कायदा आहे आणि तक्रार पोलीस ठाण्यात करता येते.

आता घर कसं चालवायचं. तुम्ही गुरुजींना बदलायला जाल तेवढ्या दमाल. त्यांच्या भोवतीचं बदला. गूळ-साखरेचा डबा समोर ठेवून ‘खाऊ नका’ म्हणण्यापेक्षा डबा कुलपात ठेवा आणि घरात दिसेल ते काकडी, ताक, भाजलेले चणे असं ठेवा. ताट एकदाच वाढून समोर द्या, पातेली टेबलावर किंवा पंगतीत ठेवू नका. हे लोक घास न चावता कोंबतात आणि ठसका लागून जीव जाऊ शकतो, म्हणून जेवताना कुणीतरी जवळ बसलंच पाहिजे. केळं चिरून द्या. हे मी घाबरवायला लिहीत नाही. गिळण्याचा त्रास या आजारात पुढे अनेकांना होतो, सवय आत्ताच लागलेली बरी.

चारचं फिरणं बंद करू नका. ती त्यांची ठरलेली वेळ आहे आणि ती मोडलीत तर ते चिडतील. उलट त्याचा फायदा घ्या. रस्त्यावरचा किराणावाला, चहाच्या टपरीवाला, पिठाच्या गिरणीवाला, या सगळ्यांना तुम्ही स्वतः जाऊन सांगा की गुरुजींना मेंदूचा आजार आहे, उधार देऊ नका, काही वेडंवाकडं बोलले तर मनावर घेऊ नका, आणि मला फोन करा. लपवलंत तर गाव कुजबुज करेल. सांगितलंत तर त्यांतलेच दोघेतिघे लक्ष ठेवतील. त्यांनी गुरुजींकडेच बाराखडी गिरवलेली असेल, हे विसरू नका. खिशात एक कार्ड ठेवा: नाव, तुमचा नंबर, आजाराचं नाव. कॅनॉलच्या पाण्याची काळजी मात्र घ्यायला हवी. मुलगा किंवा एखादा विश्वासू माणूस मागोमाग जाईल असं बघा. मोटरसायकल आजपासून बंद. किल्ली काढून घेताना वाद होतो, म्हणून गाडीच दीरांकडे नेऊन ठेवा आणि ‘गॅरेजला दिलीय’ म्हणा. असं खोटं बोलायला तुम्हाला जड जाईल, पण त्याने दोघांचाही जीव वाचतो.

बोलताना एका वेळी एकच गोष्ट सांगा आणि लहान वाक्यात. ‘आंघोळ करून कपडे बदला, मग आपण जेवू’ यात तीन कामं आहेत. त्याऐवजी टॉवेल हातात द्या. वस्तूचं नाव घेताना वस्तू दाखवा. ‘का केलंत?’ हा प्रश्न घरातून काढून टाका, त्याचं उत्तर त्यांच्याकडे नाही. वाचा-उपचारतज्ज्ञ आत्ताच गाठा, बोलणं जायची वाट बघू नका. घरातली माणसं, रोजच्या वस्तू, आवडते पदार्थ यांच्या फोटोंची वही करायला ते शिकवतील. हाताला काम द्या: शेंगा सोलणं, कपड्यांच्या घड्या, खडूंचे रंग वेगळे करणं. रोज तेच काम दिलं तरी त्यांना कंटाळा येणार नाही.

शाळेबद्दल स्पष्ट लिहिते. गुरुजींनी वर्गावर एकट्याने जाऊ नये. सामाजिक भान सुटलेल्या माणसाकडून लहान मुलांबाबत न कळत काही घडलं, एखाद्या मुलीच्या गालाला हात लावला, तर पोरीला भीती बसेल आणि गुरुजींवर जो गुन्हा दाखल होईल तो निस्तरताना घर उद्ध्वस्त होईल. वैद्यकीय रजेचा अर्ज याच आठवड्यात द्या. दोन प्रती काढा, एकीवर पोच घ्या.

राजीनामा का नको, तर सेवेच्या नियमांनुसार राजीनामा दिला की मागची सेवा निवृत्तिवेतनासाठी धरलीच जात नाही. तीस वर्षं एका सहीत जातील. त्याऐवजी वाटा आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या कलम २० मध्ये लिहिलंय की सरकारी नोकरीत असताना कुणाला दिव्यांगत्व आलं तर त्याला काढता येत नाही किंवा खालच्या पदावर पाठवता येत नाही. ते काम झेपत नसेल तर त्याच वेतनावर दुसरं काम द्यायचं, तेही नसेल तर निवृत्तीच्या वयापर्यंत जादा पद निर्माण करून त्यावर ठेवायचं. यासाठी जिल्हा रुग्णालयातून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागेल. गुरुजी नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेत, म्हणजे जुनी पेन्शन लागू आहे, त्यामुळे वैद्यकीय मंडळाच्या दाखल्यावर रुग्णता निवृत्तिवेतन, म्हणजे आजारामुळे नोकरी झेपत नाही म्हणून मिळणारी पेन्शन, हाही मार्ग आहे. कोणता फायद्याचा ते शिक्षक संघटनेतल्या जाणत्या माणसाला आणि वकिलाला विचारा. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. कारणे दाखवा नोटिशीचं उत्तर मुदतीत द्या. गप्प राहिलात तर विभाग गैरव्यवहार समजून पुढे जाईल. निदानाचे कागद, एमआरआयचा अहवाल, आणि हा आजार नियोजनशक्तीवर कसा परिणाम करतो याबद्दल न्यूरॉलॉजिस्टचं पत्र जोडा. केंद्रप्रमुखांना आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना प्रत्यक्ष भेटा.

पैशाचंही लगेच बघायला हवं. बँकेतलं खातं दोघांच्या नावावर करून घ्या, फोनवरून पैसे पाठवण्याची सोय बंद करा किंवा मर्यादा अगदी कमी करा. कुणी म्हणेल, मुखत्यारपत्र करून घ्या म्हणजे झालं. करा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. आपल्या कायद्यात मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की ते पत्रही संपतं. पुढे त्यांच्या नावावरच्या जमिनीचा किंवा ठेवींचा व्यवहार करायचा झाला तर कोर्टातून पालक नेमून घ्यावा लागतो. वकिलाशी हे आत्ताच बोला. आणि सातबारा काढून बघा, मधल्या काळात कुणी काही सही घेतली नाही ना. घरावर अशी वेळ आलीय हे काही लोकांना लवकर कळतं, आणि ते सगळेच भले नसतात.

मुलांबद्दल विचारायला तुम्हाला भीती वाटली असावी, कारण तुम्ही त्यांची वयं लिहिलीत आणि प्रश्न लिहिलाच नाहीत. या आजाराच्या बऱ्याच रुग्णांच्या घरात आधी कुणालाच असं काही झालेलं नसतं. काही घरांत मात्र एकाच जनुकातल्या बिघाडामुळे तो पिढ्यान्‌पिढ्या उतरतो, आणि तिथे प्रत्येक मुलाला, मुलगा असो की मुलगी, तो बिघाड मिळण्याची शक्यता निम्मी असते. सासरे साठीच्या आत, बोलणं जाऊन गेले, हे मी दुर्लक्षून पुढे जाऊ शकत नाही. हा त्याच आजाराचा धागा असू शकतो, आणि नसूही शकतो. पक्षाघातानेही बोलणं जातं. सासूबाईंना, चुलत सासऱ्यांना विचारून घराण्यात कुणाला कमी वयात वागण्यात बदल, बोलणं जाणं, किंवा हातापायांची ताकद जाऊन मृत्यू असं झालं होतं का ते लिहून काढा. तपासणी करायची ठरली तर आधी गुरुजींच्या रक्ताची होते, मुलांची नाही. मुलगा अजून अठराचा नाही, त्याची अशी तपासणी कुणी करू नये. मुलगी सज्ञान आहे. जाणून घ्यायचं की नाही हा निर्णय सर्वस्वी तिचा, आणि तोही जनुकीय समुपदेशकाशी बोलून घेतलेला. ‘लग्न ठरायच्या आत उरकून टाकू’ असं तिच्यावर कुणी लादू नये. बिघाड आहे असं कळलं तरी आज त्याला रोखणारा उपाय नाही. त्यामुळे काही माणसं जाणून घेणं पसंत करतात, काही नाही, आणि दोघंही बरोबर असतात. मुलांना वडिलांच्या आजाराचं नाव मात्र सांगा. बाबा आपल्यावर प्रेम करत नाहीत, असं त्या सतरा वर्षांच्या मुलाला वाटत असेल तर ते तसंच राहता कामा नये.

आणि तुम्ही. हात उगारला हे तुम्ही लिहिलंत, लपवलं नाहीत, म्हणून तुमच्याबद्दल मला काळजी वाटते, पण आदरही वाटतो. तुम्ही वाईट बाई नाही. तुम्ही तीन वर्षं एकटीने, नावसुद्धा ठाऊक नसलेल्या आजाराशी झुंजताय, आणि ज्याच्यासाठी झुंजताय तो माणूस तुमचे कष्ट ओळखूही शकत नाही. तरीही पुन्हा हात उचलायचा नाही. राग चढतोय असं वाटलं की खोलीबाहेर जा, अंगणात जा, गुरुजींना पाच मिनिटं एकटं ठेवलेलं चालेल. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर रात्रंदिवस मोफत चालू असतो आणि मराठीतून बोलता येतं. तो रुग्णासाठी आहे तसाच तुमच्यासाठीही आहे. आठवड्यातून दोन दुपारी तरी घरात दुसरं कुणी असेल आणि तुम्ही नसाल अशी व्यवस्था झाली पाहिजे. सरासरी पाहिली तर हा आजार सुरू झाल्यापासून सात-आठ वर्षं चालतो. काहींचा लवकर संपतो, काहींचा खूप लांबतो. एवढं अंतर एका माणसाने एकट्याने ओढायचं नसतं. या दुपारी कुणी घ्यायच्या, तर दीरांनी. भावाची जबाबदारी त्यांचीही आहे.

म्हणून पुढच्या वेळी न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना दीरांना बरोबर न्या, आणि जमलं तर सासूबाईंनाही. डॉक्टरांना सांगा, एमआरआयची फिल्म यांना दाखवा आणि कुठे काय आक्रसलंय ते मराठीत समजावा. तुमच्या तोंडून शंभरदा ऐकून न पटलेलं डॉक्टरांच्या तोंडून एकदा ऐकून पटतं, हे मी अनेक घरांत पाहिलंय. जाण्याआधी एका कागदावर गेल्या महिन्यातलं वागणं तारखेनिशी लिहा आणि तो कागद आधीच डॉक्टरांच्या हाती द्या, कारण गुरुजींसमोर ते बोलणं तुम्हाला जमणार नाही आणि दहा मिनिटं ते अगदी नीट वागतील. हातापायांत अशक्तपणा, स्नायू उडणं, पाणी पिताना ठसका, तोल जाणं, यांतलं काही दिसत असेल तर ते सगळ्यात वर लिहा. काहींना या आजारासोबत स्नायू हलवणाऱ्या मज्जापेशींचा आजारही जडतो आणि मग उपचाराची घाई वेगळी असते. रजेच्या अर्जासाठीचं प्रमाणपत्र आणि नोटिशीला जोडायचं पत्र त्याच भेटीत लिहून घ्या, त्यासाठी पुन्हा पुण्याची खेप नको.